रॉयची अर्धी रायफल

काकांना अर्धवट राहिलेली कुठलीही गोष्ट बघवत नसे. फक्त ती दुसऱ्याची असली पाहिजे. डॉक्टरच्या वेटिंगरूममध्ये कुणीतरी अर्धं सोडवून टाकलेलं शब्दकोडं दिसलं की त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे जाई. मराठी मंडळातल्या एका बाईंनी बाळंतपणाच्या गडबडीत एक बाही विणून ठेवून दिलेला स्वेटर त्यांनी मागून घरी नेला आणि पुस्तकात बघून पुरा केला. काम चोख होतं. मूल मात्र तोवर शाळेत जायला लागलं होतं. त्यांच्या स्वतःच्या घरातली गोष्ट वेगळी. डॅलसजवळच्या प्लेनोमधलं ते घर घेतल्यापासून स्वयंपाकघरातल्या कपाटांना दारं नव्हती. जुनी दारं काकांनी राहायला आल्या आल्या "ही बदलू" म्हणून काढली होती. काकूंनी तिथे जुन्या साड्यांचे पडदे लावले, आणि मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्या पडद्यांचीही दुसरी पिढी चालू होती.

आम्ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये आलो. नवरा डॅलसला पीएचडी करत होता, मला टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि गाडी एकच होती, ती नवऱ्याकडे. काका माझ्याच कंपनीत, पण मेकॅनिकलला. ते रोज सकाळी मला अपार्टमेंटच्या दारातून घेत आणि संध्याकाळी आणून सोडत. वय पन्नाशीच्या पुढे, उंची बेताची, जाड चष्मा, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. मूळचे सांगलीकडचे. पहिल्या दिवशी मी नागपूरची आहे एवढं त्यांना कळलं आणि मग माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. मी 'नागपूरकर' झाले ती झालेच.

गाडीत रेडिओ लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. रेडिओवाला बोलत असताना ऑफिस येतं, गाडी बंद करावी लागते आणि त्याचं वाक्य अर्धं राहतं, हे त्यामागचं कारण. माझी वाक्यं ते राहू देत नसत. मी म्हणायची, "काल ह्यांनी..." की काका म्हणत, "परत परीक्षा पुढे ढकलली." बहुतेक वेळा ते चुकायचे. पण माझं बरोबर वाक्य ऐकण्यात त्यांना रस नसायचा. वाक्य पुरं झालं होतं.

रॉय त्यांचा शेजारी. घर घेतलं तेव्हा काकूंनी शेजारच्या मेलबॉक्सवर 'रॉय' वाचलं आणि बंगाली शेजार मिळाला म्हणून आनंदाने रसगुल्ले करून नेले. दार उघडलं ते काउबॉय बूट घातलेल्या, सहा फुटांहून उंच, लालबुंद माणसाने. रॉय हे आडनाव नव्हतंच, त्याचं पहिलं नाव होतं. त्याने रसगुल्ले दारातच उभ्याउभ्या संपवले आणि पाक पिऊन वाटी परत केली. मग हे कुटुंब आणि तो यांच्यात कुंपणावरून जो व्यवहार सुरू झाला तो मुख्यतः काकांनी त्याला त्याच्या चुका सांगण्याचा आणि त्याने काकांना 'प्रोफेसर' म्हणण्याचा. रॉय विधुर होता. एकुलती मुलगी ह्यूस्टनला. विमानांच्या कारखान्यात लेथवर आयुष्य काढून तो रिटायर झाला होता आणि गॅरेजमध्ये लोकांच्या बंदुका दुरुस्त करायचा. मग त्याला पक्षाघात झाला. वाचा शाबूत राहिली, पाय थोडा ओढत का होईना चालू लागला, पण उजवा हात गेला तो गेलाच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात रॉयने गॅरेज सेल लावला, म्हणजे घरातलं जुनंपानं दारात विकायला मांडलं.

काका दर शनिवारी गॅरेज सेलना जात. काही घेत नसत. प्रत्येक वस्तू उचलून तिचं काय बिघडलंय ते विचारत आणि उत्तर बरोबर आहे का ते तपासत. रॉयच्या टेबलावर एक मिक्सर आणि स्केट्सचा जोड यांच्यामध्ये एक रायफल पडली होती. रायफल म्हणजे रायफलीचे दोन भाग. एक म्हणजे जाडजूड पोलादी नळी, तिच्या मागे खटका आणि काडतूस आत ढकलणारा बोल्ट. दुसरा म्हणजे अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. दस्त्याची मागची बाजू सुंदर कोरलेली, नेम धरताना गाल टेकायचा तिथे एक मऊ उंचवटा उठवलेला. आणि पुढची बाजू नुसता ठोकळा, वर पेन्सिलीच्या रेघा.

पुढचा संवाद काकांनी सोमवारी गाडीत मला जाताना आणि येतानाही ऐकवला, त्यामुळे मी तिथे नव्हते यावर माझाच विश्वास बसत नाही. रॉयचं बोलणं मी मराठीत सांगते. टेक्सासचा हेल ज्याने त्याने लावून घ्यावा.

"ही अर्धी आहे," काका म्हणाले.

"मीपण," रॉय म्हणाला.

रॉयला आफ्रिकेत जाऊन रानरेडा मारायचा होता, आणि तो दुकानातल्या रायफलीने नव्हे, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मापाने घडवलेल्या. लाकूड त्याने कितीतरी वर्षं वाळवत ठेवलं होतं. नळी त्याने स्वतः बसवली होती, तिच्या मागच्या तोंडाशी काडतुसाचं घर त्याने स्वतः कापलं होतं. आता ते पुरं करायला हात नव्हता. एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला नळी आणि खटका हवा होता, लाकूड नको होतं. "ते तू टाकून दे," असं तो रॉयला म्हणाला.

काकांनी तो दस्ता टेबलावरून उचलला आणि तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांत धरून ते गिऱ्हाईक जाईपर्यंत तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "मी पुरी करतो."

"कधी बंदूक उडवली आहेस?"

"नाही."

"शिकार?"

"मी अंडंसुद्धा खात नाही."

"मग हिचं करणार काय?"

"पुरी करणार," काका म्हणाले. "पुढचं तुझं तू बघ."

झुरळ दिसलं तर जे काकूंना हाक मारत, त्या माणसाने रानरेडा मारायची रायफल घडवायला घेतली ही बातमी आमच्या मराठी मंडळात पसरायला फार वेळ लागला नाही. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता एक डॉक्टर म्हणाले, "काका, प्लेनोत हत्ती निघाला तर आम्हालाही कळवा हं." सगळे हसले. काकांनी मोदक खाली ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं, "हत्तीला ही जरा कमी पडेल. रेड्यापर्यंत ठीक आहे." कुणी म्हणालं, परदेशात माणूस असा बिघडतो. कुणी म्हणालं, पन्नाशीत होतं असं, बरं की बंदुकीवरच भागलं. काकू एवढंच म्हणाल्या, "माझ्या कपाटांना दारं नाहीत आणि शेजारच्यांच्या बंदुकीला पॉलिश."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की मला सोडून काका रॉयच्या गॅरेजमध्ये जात. रॉय एका मोडक्या खुर्चीत बसे आणि तोंडाने काम करी. काका हाताने करत आणि तोंडानेही. लाकडात पोलाद बसवायचं म्हणजे केसाचीही फट राहता कामा नये. त्यासाठी पोलादाला काजळी फासायची, ते लाकडात दाबायचं आणि उचलायचं. जिथे काळं उमटलं तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. रॉय त्यासाठी रॉकेलच्या दिव्याची काजळी वापरत असे. काकांना ती जाडीभरडी वाटली. त्यांनी काकूंना विचारलं, आणि काकूंनी तुपाच्या निरांजनावर तांब्याची वाटी उपडी धरून काजळ पाडून दिलं. रॉयने ते बोटावर घेऊन उजेडात धरलं. असं बारीक काळं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

"हे तुम्ही कशाला करता?" त्याने काकूंना विचारलं.

"बाळाच्या डोळ्यांत घालतात," काकू म्हणाल्या.

रॉयने बोटावरचं काळं पुन्हा पाहिलं. "आणि मग बाळाचं काय खरवडता?"

त्या दिवसापासून काकूंचा विरोध मावळला. तक्रार चालू राहिली, पण काजळाची वाटी कधी रिकामी राहिली नाही. शिवाय गॅरेजमध्ये जाताना त्या थालीपीठंही नेऊ लागल्या. रॉय ती बार्बेक्यू सॉस लावून खायचा. काकू मान फिरवून घेत.

काकांना काम संपवायची घाई होती असं मला वाटत असे. पण तसं नव्हतं. त्यांना काम पुरं व्हायला हवं होतं, आणि त्यांच्या मते या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. रॉय म्हणे, "झालं." काका म्हणत, "इथे जरा काळं आहे." रॉय म्हणे, "प्रोफेसर, रेडे म्हातारे व्हायला लागले." काका खरवडत राहत. मग पकडीच्या जागेवर चौकड्यांची बारीक नक्षी कोरायची वेळ आली, ती त्यांनी आधी स्वयंपाकघरातल्या लाटण्यावर कोरून पाहिली. (त्या लाटण्याच्या पोळ्या मी खाल्ल्या आहेत. दिसायला फार छान.) मग जवसाच्या तेलाचे हात. हे तेल फडक्याने लावायचं नाही, उघड्या तळव्याने चोळायचं, लाकूड तापेपर्यंत. उरलेल्या लाकडाचा एक तुकडा काका खिशात बाळगत आणि लाल सिग्नलला गाडी थांबली की अंगठ्याने त्यावर तेल चोळत बसत. हिरवा झाला की मागच्या गाड्या हॉर्न देत. "ऐकू आलं, ऐकू आलं," काका आरशात बघून मराठीत सांगत.

एवढं सगळं होऊन एके दिवशी रायफल खरंच झाली. आणि त्याच दिवशी दोघांचं भांडण झालं.

काम बाकी होतं ते एवढंच, की दस्त्याचं मागचं टोक मापाने कापायचं. खटक्यावर बोट ठेवल्यावर दस्ता खांद्याला नेमका कुठे टेकतो हे ज्याच्या त्याच्या हाताच्या लांबीवर ठरतं. रॉयने लाकूड स्वतःच्या लांब हाताच्या हिशेबाने ठेवलं होतं. काकांनी ती खांद्याला लावली तर ते शिडीला लटकल्यासारखे दिसत. रॉय म्हणाला, "तुझ्या मापाने काप. ती तुझी आहे. मी काय करू हिचं एका हाताने?"

"तुझं माप आहे ते राहील," काका म्हणाले.

"प्रोफेसर, मला हात नाही."

"मी कापली तर ही दुसरीच रायफल होईल. ती मी सुरू केलेली नाही."

"मग भिंतीला टांग!" रॉय ओरडला, आणि उठून आत गेला.

त्यानंतर गाडीतला प्रवास विलक्षण शांततेचा झाला. मी वाक्य सुरू केलं तर काका ते पुरं करत नसत. मलाच करावं लागे. सवय मोडल्यामुळे मला कधीकधी शेवट सुचत नसे. असे बरेच दिवस गेले. मग एकदा सकाळी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी लावता लावता ते अचानक म्हणाले, "नागपूरकर, तू डावरी आहेस ना?"

"हो. का?"

"उतर. छत्री घे."

भर पार्किंगमध्ये त्यांनी मला माझीच छत्री बंदुकीसारखी खांद्याला लावायला सांगितली. मी लावली, डाव्या खांद्याला. काका माझ्याभोवती फिरले, वाकून माझ्या गालाकडे बघू लागले. तेवढ्यात कंपनीचा सिक्युरिटी गार्ड आला आणि सगळं ठीक आहे ना असं मला विचारू लागला. मी छत्रीचा नेम त्याच्यावरून हटवून ठीक आहे म्हणाले. काकांचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा पडला होता.

"गाल उजव्या बाजूला येतो," ते म्हणाले.

त्याचा अर्थ मला दुपारी कँटीनमध्ये त्यांनी नॅपकिनवर चित्र काढून समजावला. रॉयचा डावा हात धड होता. रायफलीचं पुढचं टोक कुणी धरलं तर डाव्या खांद्यावरून रॉय ती उडवू शकला असता. फक्त रॉयने ती उजव्या खांद्यासाठी घडवली होती. गालाचा तो उंचवटा डाव्या अंगाकडून दस्त्याच्या वरच्या कडेवर चढला होता, आणि डाव्या खांद्यावरून नेम धरायचा तर ती वर आलेली कड गालाला अडून डोळा रेषेत येत नव्हता. तो उंचवटा काढावा लागणार होता.

"मग काढा," मी म्हटलं.

काका माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं मी त्यांना कुणाचा तरी गळा कापायला सांगितला. "त्या लाकडात रॉयच्या हातचं पुरं झालेलं तेवढंच एक आहे," ते म्हणाले.

रॉय मुलीकडे ह्यूस्टनला गेला होता. गॅरेजची किल्ली काकांकडेच असे. काकू मला नंतर सांगत होत्या, की त्या शनिवारी सकाळी आंघोळ करून ते गेले, दुपारी जेवायला आले आणि न जेवता परत गेले. संध्याकाळी आले तेव्हा त्यांच्या शर्टावर लाकडाचा भुसा होता आणि त्यांनी पुन्हा आंघोळ केली.

रॉय परत आला त्या दिवशी काका ऑफिसातून मला घरी सोडायला विसरले. विसरले असं ते म्हणाले. त्यांना सोबत हवी होती हे उघड होतं. गॅरेजमध्ये रॉय बाकापाशी उभा होता. त्याने डाव्या हाताचा तळवा दस्त्यावरून फिरवला. जिथे उंचवटा असायचा तिथे आता गुळगुळीत, सपाट लाकूड होतं. तळवा तिथे थांबला.

"हे करायला मला अख्खा हिवाळा लागला होता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"न विचारता काढलंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

मी दाराकडे सरकले. काकांनी रायफल उचलली, पुढचं टोक आपल्या हातात धरलं आणि मागचं त्याच्या डाव्या खांद्याशी नेलं. रॉयने मान कलती केली. गाल लाकडावर टेकवला. डावं बोट खटक्याशी गेलं. तसा तो इतका वेळ उभा राहिला, की काकांना वजन पेलायला कोपर बाकावर टेकवावं लागलं.

"खाली, मागच्या बाजूला," गाल न उचलता तो म्हणाला, "कानशीचे ओरखडे राहिलेत."

"कुठे?" काका ओरडले. आणि मी दारातून परत आत आले.

ती उडवायला आम्ही शर्मन गावाच्या पुढे रॉयच्या एका मित्राच्या रँचवर गेलो. रॉयच्या डॉक्टरांना विचारावं असं माझं म्हणणं होतं. रॉयचं म्हणणं पडलं की डॉक्टरांना शिकारीतलं काय कळतं. माझ्या नवऱ्याने कुणाची तरी व्हॅन मागून आणली होती. काकूंनी दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती. काकांच्या हातात कागदाची मोठी सुरनळी होती. निशाण लावायला त्यांनी रानरेड्याचं चित्र काढून आणलं होतं: रेघन् रेघ पट्टीने, सगळी मापं घालून, मध्यरेषेसकट, आणि उजव्या कोपऱ्यात ऑफिसातल्या ड्रॉइंगला असते तशी चौकट, 'काढणार' आणि 'तपासणार' यांच्या सह्यांची. दोन्ही सह्या त्यांच्याच.

रॉयने ते बराच वेळ न्याहाळलं. "प्रोफेसर, ही गाय आहे."

"म्हैस आहे," काका दुखावून म्हणाले.

"तिला सड आहेत."

काकांनी जी बघितली होती ती त्यांनी काढली होती. सांगलीला त्यांच्या घरी दूध घालणाऱ्याची. तिच्यावर गोळी झाडायची वेळ आल्यावर मात्र त्यांना ते बरं वाटेना. त्यांनी खोडरबर मागितलं. खोडरबर कुणाकडेच नव्हतं. शेवटी तो कागद तसाच मातीच्या बांधाला खिळवला.

रॉयला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं. खांद्यामागे काकूंनी उशी दिली आणि स्वतः खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. कुंपणाच्या खांबावर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफल, आणि पुढचं टोक काकांच्या मुठीत. काडतूस काकांनी घातलं. बोल्ट काकांनी सरकवला. मग ते मान वळवून, डोळे घट्ट मिटून उभे राहिले.

"प्रोफेसर, तू नेम धरत नाहीयेस हे बरंच आहे," रॉय म्हणाला, आणि त्याने खटका ओढला.

एवढा मोठा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. खुर्ची मागे गेली, खुर्चीबरोबर काकू मागे गेल्या, काकांचा चष्मा उडून गवतात पडला. रँचवरची खरीखुरी गुरं क्षितिजाच्या दिशेने पळाली. रॉय खुर्चीत तिरका पडला होता आणि त्याच्या तोंडून कसलासा आवाज येत होता. काकू "अहो, बघा, बघा त्यांना!" म्हणून ओरडल्या. मी धावले. तो हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता, कारण त्याने रायफल सोडली नव्हती. काकूंनी पदराने पुसलं.

म्हशीला काही झालं नव्हतं. गोळी 'तपासणार'च्या चौकटीतून आरपार गेली होती.

"आता तुझी पाळी," रॉय काकांना म्हणाला.

"माझं काम झालं," काका गवतात चष्मा शोधत म्हणाले. त्यांनी ती कधीच उडवली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मंडळात ती सांगायला बरी होती. पण रॉयने ठरवलं, की रायफल गॅरेजमध्ये ठेवायला नसते, तिने आफ्रिका पाहिली पाहिजे. डॅलसचा एक दातांचा डॉक्टर तिकडे शिकारीला निघाला होता, त्याला त्याने ती देऊन टाकली. काकांनी एका शब्दाने विरोध केला नाही. "पुढचं तुझं तू बघ" असं तेच म्हणाले होते आणि दिलेला शब्द ते अर्धा पाळणारे नव्हते. फक्त दस्त्याला तेलाचा हात कसा द्यायचा हे त्यांनी त्या डॉक्टरला इतक्या वेळा सांगितलं, की शेवटी तो सापडेनासा झाला.

काही महिन्यांनी फोटो आला. पिवळं गवत, गवतात मान टाकून पडलेला प्रचंड काळा रेडा, त्याच्या शिंगांना टेकवलेली रायफल, आणि मागे गुडघ्यावर बसून सगळे दात दाखवणारा दातांचा डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी गाडीत काका म्हणाले, "एका गोळीत पडला म्हणे."

त्यांनी लेन बदलली.

"दोन लागल्या असत्या तर वाईट झालं असतं," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "एकाच गोळीत." आदल्या संध्याकाळी ते जेवले नव्हते हे मला काकूंकडून कळलं. भूक नाही एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

रॉयने तो फोटो गॅरेजच्या भिंतीवर, बाकाच्या वर लावला. काका संध्याकाळी गेले की आधी तो उलटा करून भिंतीकडे तोंड करून ठेवत. मग दोघं गप्पा मारत, म्हणजे भांडत. काका घरी गेले की रॉय तो सरळ करी. याबद्दल दोघांपैकी एकानेही कधी चकार शब्द काढला नाही. मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा, काका तिथे असतील तर उलटा आणि नसतील तर सुलटा, असा तो फोटो मी पाहिला आहे. रॉय गेला तोपर्यंत हे चालू होतं. तो वसंतात गेला, खुर्चीत बसल्या बसल्या, दुपारी. काकांना ऑफिसात फोन आला. त्या दिवशी घरी येताना गाडी मी चालवली.

रॉयच्या मुलीने घर विकायला काढलं तेव्हा काकांना बोलावून विचारलं, गॅरेजमधलं तुम्हाला काय हवं ते घ्या. हत्यारं होती, चांगला लेथ होता. काकांनी तो फोटो घेतला. ती बिचारी ओशाळली. तिला वाटलं शेजाऱ्यांना भीड पडली.

नवऱ्याला कॅलिफोर्नियात सांता क्लाराला नोकरी मिळाली आणि आमची निघायची वेळ आली, तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. काकूंनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "ते गॅरेजमध्ये आहेत. फोटोची फ्रेम केलीये एकदाची, बघून ये."

फ्रेम अक्रोडाची होती, सांध्यांत केसाचीही फट नव्हती. आत फोटोवर जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा बसवून काकांनी नको तो भाग झाकला होता. त्यांनी काय झाकलं असेल हे मला माहीतच होतं, म्हणून मी जवळ गेले तेव्हा जरा दचकले. रेडा तिथेच होता. अख्खा, शिंगांपासून शेपटापर्यंत, गवतात मान टाकलेला. त्याच्या शिंगांवर रायफल टेकलेली होती. दातांचा डॉक्टर मात्र पुठ्ठ्याखाली गेला होता.

"काका, मला वाटलं तुम्ही रेडा झाकाल," मी म्हटलं.

काकांनी बाहीने काच पुसली, मागे सरकून फ्रेम सरळ आहे का ते बघितलं.

"तो कसा झाकणार?" ते म्हणाले. "रायफल रॉयची. मेला तो रेडा. ह्या माणसाचं यात काय काम आहे?"